मोटारीच्या मागील चाकाचे बेअरिंग : झीज, दुरुस्ती आणि बदली यांचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास मराठीत लिहिला गेला तेव्हा तो बहुतांशी शोधांचा आणि शोधकांचा इतिहास झाला. वाफेचे इंजिन कोणी तयार केले, मोटार प्रथम कोणी चालविली, आगगाडी केव्हा सुरू झाली, या प्रश्नांची उत्तरे शालेय पाठ्यपुस्तकापासून ज्ञानकोशापर्यंत सर्वत्र सापडतात. ही यंत्रे झिजू लागल्यावर त्यांचे काय झाले, ती कोणी आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा चालती केली, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात नेमक्या या उणिवेकडे लक्ष वेधले आहे. तंत्रज्ञानाचा इतिहास वापराच्या आणि देखभालीच्या अंगाने लिहिला, तर त्याचा कालानुक्रम, भूगोल आणि त्यातील माणसे हे सर्वच बदलते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

प्रस्तुत लेखात या दृष्टीने मोटारीच्या एका लहानशा भागाचा, म्हणजे मागील चाकाच्या बेअरिंगचा विचार केला आहे. मागीलच चाक निवडण्यास कारण आहे. पुढील चाकात ढिलेपणा आला तर तो स्टिअरिंगमधून चालकाच्या हाताला जाणवण्याची शक्यता असते. मागील चाकाचा ढिलेपणा असा कोणाच्याही हाती येत नाही. तो कानाला ऐकू येतो, आणि तोही बराच उशिरा. त्यामुळे मागील बेअरिंगची झीज ओळखणे हे सुरुवातीपासूनच चालकापेक्षा कारागिराचे काम राहिले आहे. बेअरिंग जसजसे अधिक अचूक बनत गेले, तसतशी दुरुस्ती 'जुळवून घेण्या'कडून 'काढून नवे बसविण्या'कडे सरकत गेली, ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु त्यामुळे कारागिराचे कौशल्य लोप पावले, हे जे मत नेहमी ऐकू येते ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

तुंबा, कणा आणि वंगण

महाराष्ट्रात चाकाच्या झिजेचा प्रश्न मोटारीबरोबर आला नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाचा मधला भाग म्हणजे तुंबा. त्याच्या भोकात लोखंडी कडी बसविलेली असे आणि त्या कडीतून गाडीचा कणा जात असे. येथे लोखंडावर लोखंड घासत फिरते. मधे असते ते फक्त वंगण. एरंडेल किंवा तत्सम तेलात जळक्या गवताची काजळी कालवून ते तयार करीत, आणि ते भरलेले नळकांडे गाडीखाली लटकत असे. चाक करकरू लागले की गाडीवान गाडी थांबवी, चाक थोडे बाहेर ओढी आणि कण्याला वंगण लावी. चाकाचा आवाज ऐकून त्याची अवस्था ओळखण्याची सवय या समाजाला मोटारीच्या किती तरी आधीपासून होती, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

कडी झिजून चाक डुलू लागले म्हणजे काम सुतार-लोहारांकडे जाई. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे जे चित्र आढळते, त्यावरून शेतीच्या नित्य उपयोगाच्या अवजारांची डागडुजी ही प्रत्येक वेळी मोल ठरवून करावयाची गोष्ट नव्हती, असे दिसते. खळ्यावरच्या धान्याच्या वार्षिक वाट्यात ती अंतर्भूत होती. म्हणजे झीज ही गावाच्या हिशेबात आधीच धरलेली होती. (ग्रंथाच्या नावातच गाडा आहे, आणि गाडा म्हटला की वंगण आलेच.) ही व्यवस्था आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही. कारागिराला तिने जातीत आणि गावात बांधून ठेवले होते. तथापि दुरुस्ती हा स्वतंत्र व्यवहार नसून चालू संबंधाचा भाग असणे, हे तिचे वैशिष्ट्य नोंदवावे लागते. मोटारीच्या काळात नेमका हाच संबंध बदलला.

यांत्रिकदृष्ट्या पाहता या जोडाची मर्यादा घर्षणाची होती. घासत फिरणाऱ्या, जेमतेम वंगण असलेल्या लोखंडी जोडात घर्षणगुणांक साधारण ०.१ च्या आसपास असतो. गोळ्यांच्या बेअरिंगमध्ये तो ०.००१ ते ०.००२ इतका खाली येतो. अर्थात बैलाच्या वेगाला जुना जोड पुरेसा होता. ताशी साठ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या चाकात तोच जोड असता, तर काही मैलांतच तापून धरला असता.

गोळीची कल्पना आणि गोळीचे उत्पादन

दोन पृष्ठभागांमध्ये गोळ्या घातल्या की घासणे टळते आणि लोळणे सुरू होते, ही कल्पना अतिशय जुनी आहे. इटलीतील नेमी सरोवराच्या तळाशी असलेल्या, सम्राट कॅलिग्युलाच्या काळातील दोन प्रचंड नौका १९२८ ते १९३२ या काळात पाणी उपसून उघड्या करण्यात आल्या, तेव्हा त्यांत फिरत्या चौथऱ्याखालील धातूच्या गोळ्या सापडल्या. लिओनार्दो दा व्हिंची याच्या माद्रिद येथील हस्तलिखितात गोळ्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्या वेगवेगळ्या ठेवण्याची रचना रेखाटलेली आहे. १७९४ साली वेल्समधील कार्मार्थेन येथील लोहकारखानदार फिलिप व्हॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. म्हणजे चाकाच्या बेअरिंगची आजची मूळ रचना मोटारीच्या जन्माआधी सुमारे नव्वद वर्षे कागदावर तयार होती.

तरीही ती प्रचारात आली नाही. याचे कारण कल्पनेत नसून गोळीत होते. दहा गोळ्यांपैकी एक गोळी इतरांपेक्षा केसभराने मोठी असेल, तर सर्व भार तिच्यावरच येतो, ती फुटते, आणि मग पुढची फुटते. हाताने किंवा साध्या यंत्रावर घडविलेल्या गोळ्या एकसारख्या असणे शक्यच नव्हते. पॅरिस येथील ज्यूल सुरिरे याने १८६९ साली सायकलीच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी पॅरिस ते रुआं ही शर्यत जेम्स मूर याने असे बेअरिंग लावलेल्या सायकलीवर जिंकली, ही घटना प्रसिद्ध आहे. परंतु खरा बदल १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावी झाला. फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या घासून एकसमान मापाच्या व पूर्ण गोल करणारे यंत्र तयार केले. शोधकांच्या यादीत फिशरचे नाव सहसा आढळत नाही. वास्तविक बेअरिंगचा इतिहास 'फिशरपूर्व' आणि 'फिशरोत्तर' असा विभागला तरी चालेल, इतके त्याच्या यंत्राचे महत्त्व आहे. साठ वर्षांनंतर हेच श्वाइनफुर्ट जर्मन युद्धयंत्रणेचे मर्मस्थान मानले गेले. १९४३ च्या ऑगस्ट आणि ऑक्टोबर महिन्यांत अमेरिकी विमानांनी तेथील बेअरिंग कारखान्यांवर हल्ले केले, आणि १४ ऑक्टोबरच्या एकाच दिवशी साठ बॉम्बफेकी विमाने गमावली.

गोळी भार सरळ वाहते. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो, तो सहन करण्यास ती तितकी समर्थ नसते. ही अडचण ज्याने सोडविली तो हेन्री टिमकेन हा अमेरिकेतील सेंट लुइस येथे घोडागाड्या बनविणारा होता, ही गोष्ट सूचक आहे. जड गाडी वळताना आस कसा झिजतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. १८९८ साली त्याला निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचे पेटंट मिळाले. निमुळता रोलर उभा भार आणि आडवा रेटा दोन्ही घेतो. त्याचा दुसरा गुण दुरुस्तीच्या इतिहासात अधिक मोलाचा ठरला. झीज झाली तर नट थोडा आवळून हे बेअरिंग पुन्हा नीट बसविता येते. वंगणाच्या नळकांड्याची जागा पान्याने घेतली, इतकेच.

स्वीडनमध्ये प्रश्न वेगळा होता. गोथेनबर्ग येथील एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट हा अभियंता काम करीत होता. गिरणीखालची जमीन चिकणमातीची असल्याने ती खचे, लांब दांड्यांची रेषा बिघडे आणि बेअरिंगे वारंवार तुटत. त्याने १९०७ साली स्वतःहून रेषा जुळवून घेणारे बेअरिंग तयार केले आणि एसकेएफ ही कंपनी त्यातून उभी राहिली. पुढे याच कंपनीने आपल्या बेअरिंगसाठी नोंदविलेले एक नाव १९२७ साली एका मोटारीला मिळाले. 'व्होल्व्हो' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी लोळतो' असा आहे. मोटारीला बेअरिंगचे नाव मिळाल्याचे हे बहुधा सर्वांत ठळक उदाहरण होय.

मागील आसाची अडचण

मोटारीच्या पहिल्या पिढ्यांत इंजिनची शक्ती मागील चाकांना मिळत असे. त्यामुळे मागील चाकाच्या बेअरिंगला केवळ गाडीचे वजन वाहून भागत नव्हते, त्यातून फिरता दांडाही जात होता. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीच्या मागील आसात हायट कंपनीचे, पट्टी गुंडाळून केलेल्या लवचिक रोलरचे बेअरिंग होते. हे रोलर प्रत्यक्ष दांड्यावरच फिरत. परिणामी झीज रोलरपुरती राहत नसे, दांड्यावरही चर पडत असे, आणि मग नवे रोलर घालूनही उपयोग होत नसे, दांडाच बदलावा लागे. झिजणारा भाग आणि टिकणारा भाग यांची फारकत अद्याप झालेली नव्हती. (या हायट कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन पुढे जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. दरवर्षी नवे मॉडेल आणून जुने टाकावयास लावणारे धोरण त्याच्याच नावाशी जोडले जाते, हा योगायोग विचार करण्यासारखा आहे.)

पुढील काळात लहान मोटारींमध्ये जी रचना रूढ झाली तिच्यात एकच गोळ्यांचे बेअरिंग दांड्याच्या बाहेरील टोकाला असे. दांडा चाकही फिरवी आणि त्याचे वजनही वाही. बेअरिंग जागेवर राहावे म्हणून त्याच्या मागे एक पोलादी कडी तापवून दांड्यावर चढविलेली असे. कडी थंड होऊन आकसली की दांड्याला घट्ट धरी. येथे खिळा नाही, नट नाही, केवळ दोन मापांतील सूक्ष्म फरक आहे. ही कडी सैल पडली तर दांड्यासह चाक गाडीच्या बाहेर सरकत येऊ शकते. मागील बेअरिंगच्या कामात कारागिराच्या हातात काय असते, हे या एका गोष्टीवरून स्पष्ट व्हावे.

या रचनेतील बदलीची रीत पाहण्यासारखी आहे. गाडी घोडीवर घेऊन ड्रम उतरवावयाचा, आसाच्या तोंडाचे बोल्ट काढून दांडा झटका देऊन ओढावयाचा. जुनी कडी कधीही पुन्हा वापरावयाची नाही. ती छिन्नीने फोडावयाची, पण घाव दांड्याला लागता कामा नये, कारण त्या घावातून पुढे दांड्याला तडा जातो. नंतर बेअरिंग प्रेसवर काढावयाचे, नवे चढवावयाचे. बेअरिंग तापवावयाचे झाल्यास तेलात, आणि साधारण ११० अंश सेल्सिअसपर्यंतच. उघड्या ज्योतीवर धरल्यास पोलादाचा कडकपणा जातो. डोळ्यांना ते बेअरिंग नवेच दिसते, मात्र त्याचे आयुष्य संपलेले असते. कडी मात्र याहून बरीच अधिक तापवावी लागते. एकाच कामात दोन धातूंच्या तुकड्यांना दोन वेगवेगळी तापमाने, हा भेद छापील पुस्तिकेत असतो. गॅरेजमध्ये तो उस्तादाकडून शिकाऊ पोराकडे तोंडी जात असे.

आयात, कारखाने आणि आकड्यांची भाषा

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ला येथील तिच्या कारखान्यातून १९४७ साली पहिली मोटार बाहेर पडली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर, देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करण्याचा कार्यक्रम नसलेल्या कंपन्यांना येथे जागा उरली नाही. जनरल मोटर्सने १९५४ साली मुंबईतील आपले जुळणीचे काम बंद केले. भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात या घटनांची नोंद सर्वत्र असते. मात्र देशी मोटार म्हणजे देशी बेअरिंग नव्हे. जयपूर येथे बिर्ला समूहाचा बेअरिंगचा कारखाना १९४६ साली स्थापन झाला. पुण्याजवळ चिंचवड येथे एसकेएफच्या सहकार्याने असोसिएटेड बेअरिंग कंपनी १९६१ मध्ये आली. बडोद्यात जर्मन सहकार्याने १९६२ मध्ये प्रिसिजन बेअरिंग्ज निघाली. तोपर्यंत आणि त्यानंतरही काही काळ आयातीचा परवाना, परकी चलन आणि टंचाई या तीन शब्दांभोवती सुट्या भागांचा बाजार फिरत होता.

या टंचाईचा दुरुस्तीवर झालेला परिणाम दुहेरी होता. एकीकडे झिजलेले बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा बसविण्याची वृत्ती बळावली. मुंबईच्या चोरबाजारासारख्या जुन्या मालाच्या बाजारात भंगारातील गाड्यांची बेअरिंगे विकली जात, आणि ती हातात फिरवून, कानाजवळ धरून पारखली जात. दुसरीकडे एक निराळेच ज्ञान पसरले, ते आकड्यांचे. बेअरिंगची बाह्य मापे आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलेली असतात आणि ती त्याच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकात दडलेली असतात. उदाहरणार्थ, ६२०५ हा क्रमांक घेतल्यास त्यातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, म्हणजे २५ मिलिमीटर. त्याआधीचे अंक प्रकार आणि मापांची मालिका सांगतात, त्यावरून बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर असल्याचे जाणकाराला कळते. हा क्रमांक पाण्याच्या पंपात असेल, विजेच्या मोटरीत असेल किंवा गाडीच्या चाकात, माप तेच.

याचा सामाजिक अर्थ फार मोठा आहे. मोटारीचा बहुतेक प्रत्येक भाग कारागिराला कंपनीच्या विक्रेत्याशी बांधून ठेवतो. बेअरिंगने मात्र त्याला मोकळे केले. तालुक्याच्या गावी मोटारीचे सुटे भाग मिळत नसले तरी शेतीपंप दुरुस्त करणारा असतो, पिठाची गिरणी असते, आणि म्हणून बेअरिंगचे दुकानही असते. फारसे इंग्रजी न येणारा मेस्त्री हे चार आकडे अचूक वाचतो, बोलतो आणि लक्षात ठेवतो. साक्षरतेच्या रूढ व्याख्येत न बसणारी ही साक्षरता आहे. अर्थात तिला मर्यादा होत्या. क्रमांक तोच असला तरी आतील गोळ्यांना ठेवलेली मोकळीक वेगळी असू शकते, आणि ती क्रमांकानंतरच्या अक्षरांत सांगितलेली असते. त्या अक्षरांकडे दुर्लक्ष झाल्यास नवे बेअरिंगही लवकर जाते.

ग्रामीण महाराष्ट्रात या ज्ञानाचा प्रसार मोटारीपेक्षा अन्य दोन वाहनांनी अधिक केला, असे म्हणावे लागेल. पहिले सायकल. तिच्या चाकातील सुटे छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून वाटीत मांडणे आणि कोन इतपतच आवळणे, की चाक सहज फिरावे पण डुलू नये, हे काम गावोगावच्या सायकल दुकानांत शेकडो मुले शिकली. दुसरे वाहन म्हणजे रबरी चाकांची बैलगाडी. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना ऊस वाहणाऱ्या या गाड्यांच्या चाकांत रोलर बेअरिंग असते. तुंब्याला वंगण लावणारा गाडीवान आणि बेअरिंगमध्ये ग्रीस भरणारा फिटर या दोघांमध्ये कल्पिली जाणारी दरी येथे प्रत्यक्षात आढळत नाही. अनेकदा तो एकच माणूस असतो, आणि ग्रीसलाही तो वंगणच म्हणतो.

मोकळे झालेले मागचे चाक

डिसेंबर १९८३ मध्ये पहिली 'मारुती ८००' ग्राहकाच्या हाती आली. या गाडीची शक्ती पुढील चाकांना मिळत होती. मागील चाक आता नुसते ओढले जाणारे चाक झाले. त्यातून फिरता दांडा गेला, आसाच्या नळीतील तेल गेले, तापवून चढवावयाची कडी गेली. ब्रेकच्या ड्रममध्येच दोन लहान गोळ्यांची बेअरिंगे आणि त्यांच्यामध्ये अंतर राखणारी एक नळी, एवढीच रचना उरली. वरवर पाहता काम सोपे झाले. ड्रम काढावयाचा, जुनी बेअरिंगे ठोकून काढावयाची, नवी ठोकून बसवावयाची.

याच 'ठोकण्या'त नव्या चुकांचा उगम होता. ड्रममध्ये बेअरिंगची बाहेरील कडी घट्ट बसते. म्हणून दाब बाहेरच्या कडीवरच द्यावयास हवा. आतील कडीवर हातोडी मारली तर तो घाव गोळ्यांमधून बाहेरच्या कडीकडे जातो आणि गोळ्यांच्या वाटेवर सूक्ष्म खळगे पडतात. गाडी त्या दिवशी शांतपणे निघून जाते, आणि काही महिन्यांत तोच आवाज घेऊन परत येते. मधली नळी विसरली तर नट आवळताच आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग कोरडे नसतानाही तापते. जाणत्या मेस्त्रींनी यावर काढलेला उपाय साधा होता. जुन्या बेअरिंगची बाहेरची कडी जपून ठेवावयाची, तिची कडा किंचित घासावयाची, आणि तीच नव्या बेअरिंगवर ठेवून ठोकावयाचे. निकामी झालेल्या वस्तूचे हत्यार करणे हे येथील दुरुस्तीसंस्कृतीचे लक्षण होय, आणि ते कोणत्याही पुस्तिकेतून आलेले नाही.

निदानाचे शास्त्रही याच काळात पक्के झाले. जाणाऱ्या बेअरिंगची घरघर गाडीच्या वेगाबरोबर वाढते, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर नाही. गिअर काढून गाडी नुसती घरंगळू दिली तरी आवाज तसाच राहतो. गाडी डावीकडे वळविल्यावर भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा आवाज वाढला तर दोष बहुधा उजवीकडे असतो. मागील टायर असमान झिजला असेल तर तोही असाच गुणगुणतो, आणि केवळ आवाजावर विसंबणारा फसतो. म्हणून गाडी उचलून चाक हाताने फिरवावयाचे आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावयाचा. खराब बेअरिंगची बारीक थरथर स्प्रिंगमधून तळहाताला कळते. वर आणि खाली धरून चाक हलविले असता 'प्ले' जाणवला तर झीज फार पुढे गेली असे समजतात. येथे साधन एकही नाही, तरी परीक्षा पूर्ण आहे. चाक करकरले की गाडी थांबविणाऱ्या गाडीवानाच्या कानाशी या परीक्षेचे नाते आहे. फरक असा की गाडीवानाला एकच आवाज ओळखावयाचा होता, मेस्त्रीला अनेक आवाजांतून एक निवडावा लागतो.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे जुनी रचनाही बरीच वर्षे टिकून राहिली. शेवटची नोंदणीकृत 'प्रीमिअर पद्मिनी' टॅक्सी वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. म्हणजे सुमारे चार दशके एकाच शहरातील गॅरेजमध्ये कडी तापविणारे आणि ड्रममध्ये बेअरिंग ठोकणारे कारागीर शेजारी शेजारी काम करीत होते. तंत्रज्ञानाच्या पिढ्या एकामागून एक येतात, हा समज येथे टिकत नाही.

बंद डबी

पुढील टप्प्यात बेअरिंग आणि चाकाचा हब हे एकजीव झाले. ग्रीस कारखान्यातच भरलेले, दोन्ही बाजू रबरी सीलने बंद, आतील मोकळीक कायमची ठरवून दिलेली. या डबीत आवळण्यासारखे, धुण्यासारखे, भरण्यासारखे काहीही नाही. आवाज आला की चार बोल्ट काढावयाचे आणि सबंध हब बदलावयाचा. झिजणारा भाग वेगळा काढण्याची जी प्रक्रिया मॉडेल टीनंतर सुरू झाली होती, ती येथे उलटली. झिजतो तो थोडासा पृष्ठभाग, आणि त्याच्याबरोबर टिकाऊ असा हबही टाकला जातो.

या बदलामागे केवळ कंपन्यांची व्यापारी बुद्धी होती, असे म्हणणे एकांगी ठरेल. हाताने आवळलेले निमुळते बेअरिंग जितक्या वेळा नीट बसे, तितक्याच वेळा ते अधिक आवळले जाऊन जळत असे. शिवाय बेअरिंगच्या आयुष्याचा विचार विसाव्या शतकात संख्याशास्त्रीय झाला होता. गुस्ताफ लुंडबर्ग आणि अर्विड पामग्रेन यांनी १९४७ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार बेअरिंगचे ठरीव आयुष्य म्हणजे एकसारख्या शंभर बेअरिंगांपैकी नव्वद जेवढा काळ टिकतील तो काळ. उरलेली दहा त्याआधीच जातील, हे गृहीतच आहे. गोळ्यांच्या बेअरिंगवरील भार दुप्पट केला तर आयुष्य एक अष्टमांश होते, हेही त्याच गणितातून येते. पाच जणांच्या गाडीत आठ माणसे आणि वर टपावर सामान असा प्रवास करणाऱ्या देशात मागील बेअरिंग 'लवकर' जाते, याचा दोष मेस्त्रीकडे किंवा मालाकडे देण्यापूर्वी हा घनाचा नियम आठवावयास हवा. यात बनावट मालाची भर पडते. नामांकित कंपनीच्या हुबेहूब वेष्टनातील हलक्या पोलादाचे बेअरिंग डोळ्यांनी ओळखणे जवळजवळ अशक्य असते, आणि बंद डबी उघडून पाहताही येत नाही. कारागिराच्या पारखीचा एक मार्ग येथे खरोखरच बंद झाला, हे मान्य करावे लागेल.

मात्र दुसरा उघडला. भारतात २०१९ पासून नव्या मोटारींना चाके न अडखळू देणारी एबीएस ही ब्रेकप्रणाली सक्तीची झाली. तिला प्रत्येक चाकाचा वेग कळावा लागतो, आणि अनेक गाड्यांत त्यासाठीची चुंबकीय पट्टी बेअरिंगच्या सीलमध्येच बसविलेली असते. हबमध्ये दाबून बसवावयाचे असे बेअरिंग दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसते. ते उलटे बसले तर चाक उत्तम फिरते, आवाज येत नाही, ढिलेपणा नसतो, फक्त समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो आणि ऐन पावसात ब्रेक दाबल्यावर चाक घसरू लागले तरी प्रणाली मदतीला येत नाही. एकदा दाबून बसविलेले बेअरिंग न बिघडता परत निघत नाही, त्यामुळे ही चूक म्हणजे दुसऱ्या नव्या बेअरिंगचा खर्च. पट्टीची बाजू ओळखण्यासाठी कंपन्या खास कार्ड देतात. ते जवळ नसलेले कारागीर साधी टाचणी सीलजवळ नेतात. ज्या बाजूला टाचणी हलकेच ओढली जाते ती बाजू सेन्सरकडे ठेवून मगच प्रेसचा दांडा खाली घेतला जातो.